सासूबाईंनी चहातली गोळी बंद करावी का?

वाचक भगिनीचे पत्र : माझ्या सासूबाईंचे वय ६७ वर्षे आणि वजन ६० किलो आहे. बऱ्याच वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. दिवसातून तीन वेळा चहा आणि प्रत्येक कपात साखरेऐवजी ॲस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाच्या दोन गोळ्या, असा त्यांचा परिपाठ होता. काही महिन्यांपूर्वी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘जागतिक आरोग्य संघटनेने या गोळ्या कर्करोगकारक ठरवल्या’ असा संदेश आला आणि त्याच दिवशी त्यांनी गोळ्यांची डबी केरात टाकली. तेव्हापासून त्या गुळाचा चहा घेतात. कप तेवढेच, प्रत्येकात दोन चमचे गूळ. मागच्या तपासणीत त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.२ वरून ८.४ वर गेला, म्हणून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड या मधुमेहावरच्या औषधाची मात्रा वाढवली. गूळ म्हणजे साखर नव्हे असे सासूबाईंचे ठाम मत असल्याने ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलेली नाही. जेवणानंतर कातरलेली सुपारी सोडली तर त्यांना कसलेही व्यसन नाही, मग इतकी वर्षे गोळ्या घेतल्यामुळे त्यांना कर्करोग होईल का? माझी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, तिलाही गर्भारपणातला मधुमेह निघाला असून तिने सुक्रालोज या दुसऱ्या कृत्रिम गोड पदार्थाची पावडर आणली आहे. ती चालेल का? सणाला सासूबाईंसाठी खीर आणि पुरण या गोळ्यांवर करता येईल का? आणि माझा सात वर्षांचा मुलगा आजीच्या डबीतल्या गोळ्या गंमत म्हणून चघळत असे, त्याचे काय? – एक सून, बार्शी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सासूबाई दिवसाला ज्या सहा गोळ्या घेत होत्या, तेवढ्या ॲस्पार्टेममुळे त्यांना कर्करोग होईल असे मानायला आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांत आधार नाही. त्यांनी त्या पुन्हा सुरू केल्या तर माझी हरकत नाही. गुळाचा चहा मात्र थांबायला हवा, आणि तोही डॉक्टरांना सगळे सांगून मगच. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट ॲस्पार्टेम ही नाही.

सासूबाईंपर्यंत पोहोचलेला संदेश निव्वळ खोटा असता तर तो खोडून काढणे सोपे झाले असते. तो अर्धा खरा आहे. १४ जुलै २०२३ रोजी ॲस्पार्टेमविषयी दोन तज्ज्ञ समूहांचे निष्कर्ष एकाच दिवशी जाहीर झाले. त्यांपैकी एक, जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. तिने ॲस्पार्टेमला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ दर्शवणाऱ्या २-ब या गटात घातले आणि त्यासाठी यकृताच्या कर्करोगाविषयीच्या मोजक्या अभ्यासांचा आधार घेतला. मात्र हा पुरावा मर्यादित असल्याचेही तिनेच नमूद केले. दुसरा समूह म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची खाद्यपदार्थांतील पूरकद्रव्ये तपासणारी संयुक्त समिती. तिने सगळा पुरावा पाहून, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही १९८१ पासूनची सेवनमर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही, असा निर्वाळा दिला. पहिला निष्कर्ष घरोघरी पोहोचला आणि दुसरा कुणाच्या फारसा वाचनात आला नाही.

या दोन निष्कर्षांत विसंगती नाही, कारण दोघांपुढचे प्रश्नच वेगळे होते. एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो असे म्हणायला पुरावा किती भक्कम आहे, एवढेच कर्करोग संशोधन संस्था तपासते. तो पदार्थ किती खाल्ला म्हणजे किती धोका, हे ठरवणे त्या वर्गीकरणात बसत नाही. पहिल्या गटात ज्यांच्याविषयी पुरावा पुरेसा आहे असे पदार्थ असतात, त्याखालच्या २-अ गटात ‘बहुधा’ म्हणता येईल असे, आणि २-ब गटात पुरावा तुटपुंजा असूनही पूर्णपणे नाकारता न येणारे. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये पिणे २०१६ पासून २-अ गटात आहे, कारण त्याचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी आढळला आहे. म्हणजे या वर्गीकरणापुरते बोलायचे तर घशाला चटका बसेल इतका कढत चहा हा त्यात टाकलेल्या गोळीपेक्षा वरच्या गटात येतो. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क हा ॲस्पार्टेमच्याच गटातला सोबती आहे.

आता तुम्ही अगदी ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याकडे वळतो. सुपारी हे व्यसन म्हणून मोजायचेच नाही, अशी आपल्याकडची रीत आहे. पानाच्या डब्यातली सुपारी पाहुण्यांपुढे आदराने ठेवली जाते आणि तंबाखू नसली की ती निरुपद्रवी समजली जाते. याच संस्थेच्या वर्गीकरणात सुपारी पहिल्या गटात आहे, तंबाखू आणि मद्य यांच्याच पंक्तीला. तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीनेही गालांच्या आतील त्वचा कठीण होत जाते, तोंड उघडणे हळूहळू कमी होते आणि पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो. कर्करोगाच्या भीतीने सासूबाईंनी डबी फेकली, ही त्यांची स्वतःच्या आरोग्याविषयीची जागरूकता मला मोलाची वाटते. तीच जागरूकता सुपारीच्या बाबतीत दाखवावी, असे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगा. सुपारीऐवजी भाजलेली बडीशेप किंवा ओवा चालेल. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तिखट खाताना होणारी आग असे काही जाणवत असेल तर दंतवैद्यांना लगेच दाखवा. तसे काही नसले तरी एकदा तोंड तपासून घेतलेले बरे.

ॲस्पार्टेम म्हणजे काय, हे कळले की त्याची भीती बरीचशी कमी होते. १९६५ साली अमेरिकेतील सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर हे रसायनशास्त्रज्ञ पोटातील व्रणावरच्या औषधाचे काम करत असताना त्यांना हा पदार्थ योगायोगाने गवसला. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी ॲस्पार्टिक आम्ल आणि फेनिलॲलानिन ही दोन एकमेकांना जोडून आणि त्यांना मेथॅनॉलचा लहानसा अंश जडवून तो तयार होतो. साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्यामुळे तो चिमूटभरही लागत नाही. आपण तो गिळला की आतड्यातच त्याचे हे तीन घटक सुटे होतात आणि अखंड ॲस्पार्टेम रक्तात जात नाही. २०२३ मध्ये संयुक्त समितीने आपला निष्कर्ष काढताना याच गोष्टीला मोठे महत्त्व दिले, कारण जो पदार्थ रक्तातच पोहोचत नाही तो यकृतात किंवा अन्यत्र गाठ कशी निर्माण करील, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

‘मेथॅनॉल’ हा शब्द वाचून अनेकांना विषारी दारूच्या बातम्या आठवतात, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. बाजारातल्या एका गोळीत सर्वसाधारणपणे १८ ते २० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते. डबीवर नेमका आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्या. सहा गोळ्यांचे झाले ११० ते १२० मिलिग्रॅम आणि त्याच्या साधारण एक दशांश, म्हणजे ११-१२ मिलिग्रॅम, एवढे मेथॅनॉल दिवसभरात सुटते. टोमॅटोच्या पेलाभर रसातून याच्या कित्येक पट मेथॅनॉल शरीरात जाते आणि त्याचा आपल्याला काही अपाय होत नाही. फेनिलॲलानिनचेही तेच. सहा गोळ्यांतून जेवढे मिळते त्याच्या अनेक पट ते वाटीभर वरणात किंवा पेलाभर दुधात असते.

मर्यादेचा हिशेब असा. ६० किलो वजनाला दिवसाची मर्यादा २४०० मिलिग्रॅम होते, म्हणजे सुमारे सव्वाशे गोळ्या. सासूबाई तिच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास घेत होत्या. ही मर्यादा म्हणजे ओलांडताच अपाय व्हावा अशी सीमारेषाही नव्हे. प्राण्यांना दीर्घकाळ, प्रत्येक किलो वजनामागे रोज ४००० मिलिग्रॅम इतके ॲस्पार्टेम देऊनही ज्या पातळीला अपाय आढळला नाही, त्या पातळीला १०० ने भागून ४० हा आकडा काढलेला आहे. माणूस प्राण्याहून अधिक संवेदनशील असेल आणि माणसामाणसांतही फरक असेल, हे गृहीत धरूनच ही सूट ठेवली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१३ साली सगळी माहिती नव्याने तपासून ४० हाच आकडा कायम ठेवला. अमेरिकेत तर ५० मिलिग्रॅमची मुभा आहे.

असे असेल तर शंका येतेच कुठून, असे तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवे. इटलीतील बोलोन्या येथील रामाझिनी संस्थेने २००६ आणि २००७ साली उंदरांवरचे मोठे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत ॲस्पार्टेम दिलेल्या उंदरांमध्ये रक्ताचे कर्करोग आणि अन्य गाठी अधिक आढळल्याचे म्हटले होते. परंतु त्या उंदरांना श्वसनमार्गाचे आजार होते आणि त्यामुळे निष्कर्षांवर भिस्त ठेवता येत नाही, असे युरोपीय तज्ज्ञांचे मत पडले. २०२२ साली फ्रान्समधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृत्रिम गोडवा अधिक घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण किंचित जास्त दिसले. याउलट अमेरिकेतील ५० ते ७१ वर्षे वयाच्या सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲस्पार्टेमयुक्त पेये आणि रक्ताचे किंवा मेंदूचे कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. निरीक्षणावर आधारलेल्या अशा अभ्यासांत एक अडचण कायमची असते. गोड गोळ्या आणि डाएट पेये कोण घेतो? ज्याचे वजन वाढले आहे किंवा ज्याला मधुमेह आहे तो. आणि स्थूलता व मधुमेह ही दोन्ही स्वतःच यकृताच्या कर्करोगाची शक्यता वाढवतात. मग दिसलेला लहानसा फरक गोळीचा की मूळ आजाराचा, हे वेगळे काढणे संशोधकांना फार अवघड जाते.

सॅकरीन या आणखी एका कृत्रिम गोड पदार्थाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. १९७७ साली उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यामुळे कॅनडाने त्यावर बंदी आणली आणि अमेरिकेत त्याच्या पाकिटांवर कर्करोगाची सूचना छापणे सक्तीचे झाले. त्या गाठी उंदरांच्या मूत्राच्या विशिष्ट घडणीमुळे होतात आणि माणसात तसे घडत नाही, हे पुढे स्पष्ट झाले, आणि २००० साली ती सूचना मागे घेण्यात आली. ॲस्पार्टेमचे असेच होईल असे भाकीत मी करत नाही. पुरावा बदलला तर माझे मतही बदलेल; परंतु आज जो आहे तो पाहता, दिवसाला पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या मधुमेही स्त्रीला त्या बंद करण्यास मी सांगणार नाही.

गुळाविषयी मात्र मी इतक्या सावधपणे बोलणार नाही. गूळ उसाच्याच रसाचा होतो आणि त्यात बहुतांश साखरच असते. लोह आणि अन्य क्षार असतात, पण चहात पडणाऱ्या चमचा-दोन चमच्यांत त्यांचे प्रमाण नगण्य असते. गुळाला रंग आहे, वास आहे, चव आहे, आणि आपल्याकडे त्याला मानही मोठा आहे. अलीकडे तर गावोगावी गुळाच्या चहाची दुकाने निघाली आहेत आणि तो जणू पथ्याचाच चहा असल्यासारखा विकला जातो. रक्तातल्या साखरेला त्या मानाशी कर्तव्य नसते. रोज सहा चमचे गूळ म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, आणि त्यातली जवळजवळ सगळी शर्करा आहे. सेंद्रिय गूळ, काकवी, मध, खडीसाखर यांपैकी काहीही मधुमेही माणसाच्या चहात घातले तरी परिणाम थोड्याफार फरकाने तोच. आकडा ७.२ वरून ८.४ वर गेला तो केवळ गुळानेच, असे तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही, कारण आहारातले इतर बदल, चालणे कमी होणे, एखादा जंतुसंसर्ग यांनीही तो वाढतो. तरीही नव्याने सुरू झालेले रोजचे ३० ग्रॅम गूळ हे सर्वांत आधी संशय घेण्याजोगे कारण आहे. वाढलेल्या साखरेने डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांना होणारी हानी सिद्ध झालेली आहे. त्या हानीला ‘शक्यता’ असा शब्द लावावा लागत नाही.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आपल्याकडच्या सवयीला धरून एक प्रयोग केला आहे. मधुमेह असलेल्या १७९ जणांपैकी काहींनी चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी १२ आठवडे सुक्रालोज घेतले आणि बाकीच्यांनी साखर तशीच ठेवली. सरासरी साखरेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन आणि कंबरेचा घेर मात्र किंचित कमी झाला. म्हणजे गोळी हे औषध नव्हे, ती फक्त साखरेची जागा घेते. बाकीच्या पथ्याचे काम ती करणार नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला दिला होता, तो याच अर्थाने घ्यायचा. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, असे त्या मार्गदर्शक सूचनेतच म्हटले आहे. सासूबाईंनी दोन गोळ्यांवरून दीडवर आणि मग एकीवर यायचा प्रयत्न करून पाहावा, असे मला वाटते. कमी गोड चहाची सवय काही आठवड्यांत होते.

आता ज्या गोष्टीची मला काळजी वाटते ती. सासूबाईंची साखर गुळामुळे वाढली असेल, तर डॉक्टरांनी वाढवलेली ग्लिमेपिराइडची मात्रा त्या गुळासह मोजली गेली आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात पुरेसे पिष्टमय अन्न नसले तरी ते आपले काम करत राहते. उद्या माझे हे उत्तर वाचून तुम्ही गूळ अचानक बंद केलात आणि मात्रा तशीच ठेवलीत, तर त्यांची साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, विशेषतः उपवासाच्या दिवशी किंवा जेवणाला उशीर झाल्यास. म्हणून गूळ बंद करण्याआधी डॉक्टरांना दूरध्वनी करा, गेल्या काही महिन्यांतला गुळाचा चहा त्यांना स्पष्टपणे सांगा आणि मात्रा किती ठेवायची ते त्यांना ठरवू द्या. सासूबाईंना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

दरदरून घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, एकाएकी लागलेली कडकडीत भूक, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गोड गोळीचा किंवा शुगर फ्री पावडरीचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिच्यात रक्ताला लागणारी शर्कराच नसते. घाईगडबडीत नेमकी तीच पावडर पाण्यात कालवून दिली जाण्याची भीती असते, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. खरी साखर किंवा ग्लुकोज तीन लहान चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून पाजायचे, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची आणि ती ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. सावरल्यावर जेवणाला अवकाश असेल तर पोळी किंवा भात असे काही खायला घालायचे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडातून काहीही न घालता सरळ रुग्णालय गाठायचे.

नणंदेच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. गर्भारपणात सुक्रालोज आणि ॲस्पार्टेम ही दोन्ही ठरलेल्या मर्यादेत चालतात. सुक्रालोजची मर्यादा संयुक्त समितीच्या हिशेबाने प्रत्येक किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि अमेरिकेत ५ मिलिग्रॅम आहे. चहात दिवसाला दोन-तीन वेळा पावडर घालणारी व्यक्ती यांपैकी लहान मर्यादेच्याही आत राहते. सॅकरीन तेवढे तिने टाळावे, कारण ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि तेथून सावकाश बाहेर पडते. ज्यांना फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार आहे, त्यांना मात्र ॲस्पार्टेम पूर्णपणे वर्ज्य आहे, मग वय कोणतेही असो. त्यांच्या शरीरात फेनिलॲलानिनचा निचरा होत नाही आणि ते साचून मेंदूला इजा होते. ॲस्पार्टेम असलेल्या पाकिटांवर आपल्या कायद्याने तशी सूचना छापावीच लागते. घटकांच्या यादीत नाव सापडले नाही तर क्रमांक पाहावा : ॲस्पार्टेम ९५१, सॅकरीन ९५४, सुक्रालोज ९५५. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टीव्हियाच्या पुड्यांत पुष्कळदा ९६८ क्रमांकाचे एरिथ्रिटॉल भरलेले असते. २०२३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातील एरिथ्रिटॉलचे अधिक प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका यांच्यात संबंध आढळला होता. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण ज्यांना हृदयविकार आहे त्यांना मी तूर्त ते टाळायला सांगतो.

खीर आणि पुरण यांबाबत तुमचा बेत मला बदलावासा वाटतो. ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होते आणि त्याचा गोडवा जातो, म्हणून ते घालून काही उकळत ठेवण्यात अर्थ नाही. कपात ओतलेल्या चहात गोळी टाकावी, पातेल्यात नव्हे. सुक्रालोज उकळत्या दुधात टिकते, परंतु १२० अंशांच्या वर, म्हणजे तळताना किंवा भट्टीत भाजताना, त्यातून क्लोरिनयुक्त घातक संयुगे तयार होण्याची शक्यता जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये वर्तवली होती. तेव्हा खीर विस्तवावरून उतरवून थोडी निवल्यावर त्यात सुक्रालोज घाला. पुरणाची गोष्ट निराळी आहे. पुरणात गूळ केवळ गोडीसाठी नसतो, तो डाळीला चिकटपणा आणि आकारमान देतो. चिमूटभर पावडरीने पुरण जमणार नाही. शिवाय गूळ वगळला तरी हरभऱ्याच्या डाळीतले आणि कणकेतले पिष्ट तेथेच असते. त्यापेक्षा सणाच्या दिवशी सासूबाईंना नेहमीच्या पुरणाची अर्धी पोळी द्या, त्या जेवणातला भात किंवा साधी पोळी तेवढी कमी करा आणि दोन तासांनी साखर तपासा. हे त्यांच्या डॉक्टरांनाही बहुधा मान्य होईल.

मिठाईच्या दुकानातली ‘शुगर फ्री’ बर्फी मात्र आणू नका, असेच मी म्हणेन. तिच्यात खवा, तूप आणि काजू भरपूर असतात आणि साखरेच्या जागी अनेकदा माल्टिटॉल असते, ज्याने रक्तातली साखर कमी प्रमाणात का होईना पण वाढतेच. चार तुकड्यांनी पोटही बिघडते. नावावर विसंबून लोक नेहमीपेक्षा दुप्पट खातात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

राहिला तुमचा मुलगा. वीस-बावीस किलोच्या मुलाने अधूनमधून दोन-तीन गोळ्या चघळल्या असतील तर त्याने त्याला अपाय झालेला नाही. त्याच्या वजनाची मर्यादाही ८०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. तरीही ही सवय लागू देऊ नका. निरोगी मुलाला या पदार्थाची काहीच गरज नाही, डबीवरही तो मुलांसाठी नसल्याची सूचना असते, आणि डाएट शीतपेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असू शकते, म्हणून ती पेयेही त्याच्यापासून दूर ठेवा.

मला अधिक चिंता दुसऱ्या गोष्टीची आहे. आजीच्या डबीतली लहानशी पांढरी गोळी गोड लागते, हे त्याच्या डोक्यात बसले आहे, आणि आजीच्या औषधांच्या गोळ्याही तशाच लहान असतात. ग्लिमेपिराइडची एकच गोळी लहान मुलाची साखर जीवघेणी उतरवू शकते, आणि परिणाम काही तास उशिराही दिसू शकतो. नवी डबी घरात येईल तेव्हा ती आणि सासूबाईंची सगळी औषधे कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा. त्याने औषधाची गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी तो हसत-खेळत आहे म्हणून वाट न पाहता, गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि तेथे रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगितले तर ठेवा.